मटण-मासळीची पारख : सुरुवात गोठ्यापासून

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मृग जवळ आला की आपण बियाणे घ्यावयास तालुक्याला जातो. पिशवी हातात घेतल्यावर लॉट नंबर पाहतो, उगवणशक्तीचा आकडा पाहतो, मुदत संपली नाही ना हे पाहतो, शिलाई उसवलेली नाही ना याची खात्री करतो आणि पक्की पावती घेतल्याखेरीज दुकान सोडत नाही. हे सर्व योग्यच आहे. परंतु तोच शेतकरी आठवडी बाजारात मटणाच्या दुकानापुढे उभा राहिला की दोनच प्रश्न विचारतो. "काय भाव?" आणि "हाडं किती घालतोस?" मासळीवालीकडे गेला तर पहिल्याच प्रश्नावर घासाघीस सुरू होते. बियाणे वाईट निघाले तर एक हंगाम जातो. मटण वाईट निघाले तर घरातील माणूस दवाखान्यात जातो.

आज मला मटण, चिकन आणि मासळी यांची पारख कशी करावी याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आपण म्हणाल, कृषिविद्येच्या माणसाने या विषयात कशाला पडावे? शास्त्र म्हणून हा विषय पशुवैद्यकांचा आहे आणि निदान व उपचार त्यांनीच करावयाचे आहेत. पण गावातील शेतकरी या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना असतो. बोकड, कोंबडी, तळ्यातली मासळी विकणारा तोच आणि रविवारी पिशवी घेऊन विकत घ्यावयास जाणाराही तोच. म्हणून ही तपासणी त्याला यावयास हवी.

कायदा काय सांगतो

खाद्यपदार्थांसाठी आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे. त्याची अंमलबजावणी ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. मटणाचे लहान दुकान असो की चिकनचे, त्याने नोंदणी किंवा परवाना घेतलाच पाहिजे. या नोंदणीचा क्रमांक १४ अंकी असतो आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावयाचे असते. आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

शहरातील मान्यताप्राप्त कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकाने तपासावे, असा नियम आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांत तर असेही म्हटले आहे की एका पशुवैद्यकाने तासाला १२ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. म्हणजे एका जनावराला निदान ५ मिनिटे मिळावीत. गाभण जनावर आणि ३ महिन्यांच्या आतील पिल्लू किंवा त्याची आई कापू नये, हेही त्याच नियमांत आहे.

आता आपल्या गावाकडे पाहू. बहुतेक गावांत कत्तलखाना नाही. बोकड दुकानाच्या मागे कापला जातो. आखाडात, जत्रेत, कंदुरीला तर तो शेतातच कापून वाटे घातले जातात. तेथे कोणता अधिकारी येणार? राज्यातील प्रत्येक वस्तीवर प्रत्येक रविवारी निरीक्षक पाठविणे कोणत्याही सरकारला जमणारे नाही. तेव्हा जी ५ मिनिटे पशुवैद्यकाने द्यावयाची, ती गावात आपणच दिली पाहिजेत. आपल्याला रोगाचे नाव ओळखावयाचे नाही. हे जनावर खाण्यासाठी कापावे की कापू नये, एवढाच निर्णय घ्यावयाचा आहे.

जिवंत जनावर पाहा

मांसाची खरी परीक्षा सुरी लागण्यापूर्वी होते. एकदा कातडे उतरले, तुकडे पडले की रोगाच्या निम्म्या खुणा नाहीशा होतात. म्हणून वाटे घालावयाचे असतील किंवा ओळखीच्या दुकानदाराकडून घ्यावयाचे असेल, तर कापण्यापूर्वी जाऊन जनावर पाहावे. निरोगी शेळी-बोकड कळपात मिसळून असतो, कान हलवितो, डोळे स्वच्छ असतात, नाकपुडी ओलसर असते, रवंथ चालू असते आणि लेंडी बांधीव पडते. शेळीचे तापमान साधारण १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते.

खालीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी ते जनावर कापू नये व पशुवैद्यकास दाखवावे :

१) कळप सोडून मान खाली घालून उभे राहणे, रवंथ बंद, अंग तापलेले.

२) नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडे, तोंडात फोड किंवा जखमा, पातळ दुर्गंधीयुक्त हगवण. पीपीआर आणि लाळ्या खुरकूत या रोगांत अशी लक्षणे दिसतात.

३) गळ्याखाली सूज व घरघर, किंवा मांडी-फऱ्यावर सूज, जी दाबल्यास चरचर वाजते.

४) पिसाळलेले कुत्रे चावल्याचा इतिहास. अशा जनावराची लाळ आणि मेंदू हाताळणाऱ्यासही धोका असतो.

५) विषबाधा. हा माझ्या विषयाशी जोडलेला भाग आहे. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन किराळ लागलेली, फवारलेल्या कपाशीत शिरलेली किंवा औषध चोळलेले बियाणे खाल्लेली शेळी पडली की "मरण्याआधी कापून घ्या" असा सल्ला देणारे चार जण लगेच जमतात. कीटकनाशकाचा अंश शिजविल्याने जाईल असा भरवसा धरता येत नाही. असे मांस माणसाने खाऊ नये आणि कुत्र्यालाही घालू नये.

अचानक मेलेले जनावर

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. संध्याकाळी चांगली असलेली शेळी किंवा गाय सकाळी मेलेली सापडते. पोट झपाट्याने फुगते, नाका-तोंडातून व गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येते, शव ताठरत नाही. हा अँथ्रॅक्स, म्हणजे आपण ज्याला काळपुळी म्हणतो, तो रोग असू शकतो. या रोगाचे जंतू शव उघडले आणि त्यांना हवा लागली की स्वतःभोवती कवच तयार करतात. असे कवचधारी जंतू जमिनीत कित्येक दशके जिवंत राहतात. कातडे काढणाऱ्याच्या हाताला लहानशी जखम असली तरी तेथून रोग शिरतो, न दुखणारा फोड येतो व त्यावर काळी खपली धरते. मांस खाल्ल्यास पोटातील काळपुळी होते आणि ती जीवघेणी ठरू शकते.

म्हणून अचानक मेलेल्या जनावराला सुरी लावू नका, कातडे काढू नका, ओढत नेऊ नका. पशुवैद्यकास कळवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची शंका आल्यास ग्रामपंचायतीमार्फत पशुवैद्यकास कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

बंधूंनो, हे सर्व ऐकावयास सोपे आहे आणि करावयास अवघड. याची मला कल्पना आहे. दुष्काळी वर्षात घरची एकुलती एक शेळी आजारी पडते. पोराची फी भरावयाची असते. दारात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "मामा, मरून जाईल तर एक रुपया येणार नाही, आत्ता हजार-पंधराशे घ्या." त्या वेळी हात पुढे होतो. येथे विकणाऱ्यास लबाड म्हणून भागणार नाही. पण ती शेळी जाते कोठे, याचा विचार करा. ती चांगल्या भावाला शहरात जात नाही. ती शेजारच्या गावच्या बाजारात स्वस्त मटण म्हणून विकली जाते आणि स्वस्त मटण घेणारा आपल्यासारखाच, बहुधा आपल्याहून गरीब असतो.

यावर माझे तीन उपाय आहेत. पहिला, लसीकरण. आंत्रविषार व पीपीआरच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे टोचून घेतल्या तर निम्मी वेळच येत नाही. दुसरा, विमा. शेळ्या-मेंढ्यांचाही विमा उतरविता येतो. पण विम्याचा दावा पशुवैद्यकाच्या मृत्यूच्या दाखल्यावर मिळतो. मरणाऱ्या जनावराचे हजार रुपये घेतले की दावा गेला. कानातील बिल्ला जपून ठेवा. तिसरा उपाय गावाचा आहे. बचत गटाने किंवा शेळीपालक गटाने दरमहा थोडी वर्गणी काढून रोगाने मेलेल्या जनावराच्या मालकास मदत देण्याची प्रथा पाडावी. रक्कम लहान असली तरी दारातील गिऱ्हाइकाला "नाही" म्हणण्याचे बळ येते.

कापल्यानंतर काय पाहावे

वाटे घालताना आपल्याला एक मोठी सोय असते, सर्व अवयव समोर असतात. दुकानातही मुंडी आणि काळीज सोबत टांगलेले असेल तर ते पाहता येते. बियाण्याच्या पिशवीवर जसे लेबल, तसे मटणाचे लेबल म्हणजे काळीज आणि फुप्फुस.

काळीज एकसारख्या तपकिरी-लालसर रंगाचे, गुळगुळीत व धारदार कडांचे असावे. कापल्यावर पित्तनलिका जाड, कडक लागल्या किंवा त्यांतून पानासारखे चपटे कृमी निघाले तर ते काळीज टाकून द्यावे. काळजावर किंवा फुप्फुसावर पाण्याने भरलेले गोळे दिसल्यास ते फोडू नयेत. ही कुत्र्याच्या फीतकृमीची पिल्लावस्था असते. येथे आपण नेहमी एक चूक करतो, तो भाग कुत्र्यापुढे फेकतो. कुत्र्याच्या पोटात त्यापासून पुन्हा कृमी तयार होतात, अंडी विष्ठेतून अंगणात, गवतावर, भाजीवर पडतात आणि तेथून शेळीला व माणसालाही रोग होतो. माणसाच्या काळजात असा गोळा झाला तर अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ येते. असे अवयव जाळावेत किंवा कुत्र्यास उकरता येणार नाहीत इतके खोल पुरावेत.

मांसाचा रंग लाल व चमकदार, चरबी पांढरी व घट्ट, स्पर्श ओलसर पण चिकट नाही, बोटाने दाबल्यास खड्डा भरून यावा. नीट रक्तस्राव झालेल्या मांसात शिरा रिकाम्या असतात. मेल्यानंतर कापलेल्या किंवा तापात कापलेल्या जनावराचे मांस काळपट लाल दिसते, शिरांत रक्त साकळलेले राहते आणि ते लवकर वास मारते. सर्व अंगाला पिवळी झाक, सांध्यांत पू, गाठी सुजलेल्या, बरगड्यांच्या आतील पडदा चिकटलेला असे दिसले तर नुसता तो भाग नव्हे, संपूर्ण मांस नाकारावे.

डुकराच्या मांसात स्नायूंच्या धाग्यांमध्ये पांढुरके, पाणीदार, दाण्याएवढे फोड दिसले तर ते मांस घेऊ नये. ते अर्धे कच्चे खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात फीतकृमी होतो. अशा माणसाने उघड्यावर शौच केले की अंडी भाजीवर व पाण्यात जातात. ती पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. तेव्हा शौचालयाचा वापर आणि डुक्कर बंदिस्त ठेवणे हे मांस तपासणीचेच भाग समजावेत.

दुकानाची तपासणी

चांगल्या जनावराचे मांसही वाईट दुकानात दोन-चार तासांत बिघडते. अनुकूल उष्णतेत जंतूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. हिशेब करून पाहा. ४ तासांत १२ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४,०९६. सकाळी ७ वाजता कापलेले मटण एप्रिलच्या उन्हात ११ वाजेपर्यंत टांगलेले असेल तर काय होत असेल याचा अंदाज येईल. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंना मानवतो. आपला मराठवाडा वर्षभर याच पट्ट्यात असतो.

दुकानात खालील गोष्टी पाहाव्यात :

१) पाणी. एकाच बादलीत दिवसभर मांस, सुरी आणि हात धुतले जात असतील तर त्या बादलीत सकाळच्या पहिल्या कोंबडीची घाण शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचते. वाहते पाणी असावे.

२) ठोकळा. भेगा पडलेला ओंडका नसावा. रोज काम संपल्यावर तो खरवडून, धुऊन त्यावर भरपूर मीठ पसरून ठेवावे. २०११ च्या विनियमांतही मिठाची ही सूचना आहे.

३) झाकण. जाळी किंवा काचेचे कपाट असावे. माश्या बसू नयेत म्हणून ओले फडके टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे चूक आहे. ओल्या फडक्यात जंतू वाढतात, म्हणून त्याच विनियमांनी ते नाकारले आहे.

४) माणूस. हाताला पिकलेली जखम, खोकला, मळलेला सदरा, तंबाखू मळून त्याच हाताने मांस देणे, हे दिसले तर पुढचे दुकान गाठावे.

५) आतडी-पिसे झाकणाच्या पिंपात जातात की गटारात?

चिकन घेताना

कोंबडी शक्यतो जिवंत पाहून घ्यावी. पिसे फुगवून, डोळे मिटून, मान आत ओढून बसलेली. तुरा निळा-जांभळा पडलेली. हिरवट पातळ विष्ठा करणारी कोंबडी घेऊ नये. पिंजऱ्यात एक-दोन मेलेल्या पडल्या असतील तर त्या दुकानातून त्या दिवशी काहीच घेऊ नये. आधीच सोललेली कोंबडी असल्यास मानेची काप पाहावी. जिवंतपणी कापलेल्या कोंबडीचे रक्त वाहून गेलेले असते. मेलेली कोंबडी कापली तर कातडी व मांस लालसर-जांभळे दिसते.

बर्ड फ्लूचा विषय निघणारच. आपल्या देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या. दोन्ही वेळा घबराटीने चिकनचे भाव कोसळले आणि ज्यांच्या शेडमध्ये रोग नव्हता त्यांचेही नुकसान झाले. शास्त्र असे सांगते की ७० अंश सेल्सिअसला सर्व भाग शिजलेल्या चिकनमध्ये हा विषाणू टिकत नाही. धोका आहे तो आजारी व मेलेल्या पक्ष्यांना हाताळणाऱ्यास. म्हणून मर लपविणे आणि मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकणे बंद करा. एका शेडमधील मर वेळेवर कळविली तर शेजारची दहा शेड वाचतात.

मासळी : बर्फाचा हिशेब

मटणाची परीक्षा जशी गोठ्यात होते तशी मासळीची बर्फात होते. मासळी मटणापेक्षा कितीतरी लवकर बिघडते. आपल्या हवामानात १ किलो मासळीला १ किलो बर्फ हे प्रमाण सांगितले आहे. बर्फ स्वच्छ पाण्याचा असावा, बारीक फोडून मासळीच्या खाली, वर आणि मधे थर द्यावेत. मासळीवालीच्या पाटीत बर्फ केवळ वर शोभेला ठेवला आहे की आतपर्यंत आहे, हे हात घालून पाहावे.

ताज्या मासळीच्या खुणा अशा : डोळे फुगीर, स्वच्छ, बाहुली काळी, कल्ले लाल व ओलसर, चिकट बुळबुळीत नाहीत, खवले घट्ट, अंगावर चमक, पोट फाटलेले नाही, बोटाने दाबल्यास मांस परत वर येते, वास पाण्याचा, शेवाळाचा किंवा समुद्राचा. शिळ्या मासळीचे डोळे खोल जातात व दुधाळ होतात, कल्ले तपकिरी पडतात आणि अमोनियासारखा उग्र वास येतो. कल्ले अतिशय लाल दिसले तर ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसावेत. रंग लावलेला असेल तर फडक्यावर उतरतो. खेकडे जिवंत घ्यावेत. तिसऱ्यांचे शिंपले मिटलेले असावेत, उघडे असल्यास बोट लावताच मिटले पाहिजेत.

आपल्या भागात नाथसागर, येलदरी येथील कटला, रोहू, मरळ, चिलापी मिळते आणि बांगडा, तारली अशी समुद्राची मासळी दूरवरून बर्फात येते. बांगडा, तारली, कुप्पा या मासळींत आणखी एक धोका असतो. त्या उष्णतेत राहिल्या की त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजविल्याने किंवा तळल्याने नाहीसे होत नाही. जेवणानंतर थोड्याच वेळात तोंड लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी "बाहेरची बाधा झाली" म्हणून घरी थांबू नये, दवाखान्यात जावे. "चांगली तळून घेतली की झाले" हा समज या मासळींच्या बाबतीत खोटा आहे.

जुलै २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या शंकेवरून मोठी खळबळ उडाली आणि तेथील सरकारने काही दिवस परराज्यांतील मासळीची आवक थांबविली. फॉर्मॅलिन हे शव टिकविण्यासाठी वापरण्याचे रसायन आहे, अन्नात त्याला जागा नाही. मासळी अनैसर्गिक ताठ, रबरासारखी. डोळे निस्तेज पण वास मात्र काहीच नाही. उघडी असून माशी फिरकत नाही, असे असेल तर शंका घ्यावी. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीवर तपासणी करण्याचा संच तयार केला आहे. बाजार समित्यांनी व मोठ्या ग्रामपंचायतींनी असा संच ठेवण्यास हरकत नाही.

उन्हाळ्यात नदीच्या डोहात विषारी औषध कालवून मासळी पकडणारे काही जण असतात. ती मासळी फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्या डोहाचे पाणी खाली जनावरे पितात, हेही त्यांना ऐकविले पाहिजे.

शेततळ्यात मासळी करणाऱ्यांनी काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करावे, पहाटे काढणी करावी आणि जाळे ओढण्यापूर्वी बर्फ बांधावर आणून ठेवावा. काढणी झाल्यावर बर्फ आणावयास मोटारसायकल पाठविणे म्हणजे मळणी झाल्यावर पोती शोधावयास जाण्यासारखे आहे.

औषधांचा अंश

भाजीवर फवारणी केल्यानंतर काढणीपूर्वी ठरावीक दिवस थांबावे लागते, हे आता सर्वांना माहीत आहे. जनावराला टोचलेल्या किंवा पाजलेल्या औषधालाही असाच थांबण्याचा काळ असतो. प्रतिजैविक दिल्यावर किंवा जंत-गोचीड यांचे औषध दिल्यावर किती दिवस जनावर कापू नये व दूध वापरू नये, हे पशुवैद्यकास विचारून गोठ्यातील वहीत लिहून ठेवावे. तारीख, जनावराचा बिल्ला क्रमांक, औषध आणि विक्रीयोग्य होण्याची तारीख, एवढे चार रकाने पुरेत. प्रतिजैविकांचा अंश रोज थोडा थोडा पोटात गेला की जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे आपल्याच मुलाला न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू पडेनासे होते. याच कारणाने कोलिस्टिन या शेवटच्या फळीतील औषधाचा पशुपक्ष्यांतील वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केला.

घरी आणल्यावर

मटण-मासळी बाजारातून शेवटी घ्यावी व थेट घरी यावे. कच्च्या मांसाची सुरी व पाट कांदा-कोथिंबीर चिरावयास तसेच वापरू नयेत. मांस जोराच्या धारेखाली धुतल्यास शिंतोडे भांड्यांवर उडतात, म्हणून पातेल्यात हळू धुवावे व हात साबणाने धुवावेत. आतपर्यंत शिजवावे, हाडाजवळ लाल राहू देऊ नये. उरलेला रस्सा रात्रभर चुलीजवळ कोमट ठेवू नये. जत्रेत मोठ्या हंड्यात सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत पंगती उठतात. तेथे हंड्याखाली जाळ चालू ठेवावा व रस्सा वाफाळताच वाढावा. खारवलेली सुकी मासळी घेताना गुलाबी डाग, बुरशी व ओल पाहावी.

गावाने काय करावे

एकट्या गिऱ्हाइकाने दुकानदाराशी भांडून फारसे साधत नाही. ग्रामसभेत हा विषय घ्यावा. दुकानदारांना बोलवावे, त्यांची बाजू ऐकावी. नळजोडणी नसेल तर ग्रामपंचायतीने द्यावी, कचऱ्याचा खड्डा नेमून द्यावा, जत्रेच्या दिवशी पशुवैद्यकास आगाऊ पत्र देऊन बोलवावे. त्यानंतर मात्र नोंदणी, वाहते पाणी आणि जाळीचे कपाट या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. विषबाधेची शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे गिऱ्हाईक स्वतःही, विक्रेत्यास तसे सांगून आणि फी भरून, विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष आढळल्यास फी परत मिळते.

सर्व दुकानदार वाईट नसतात, हे मुद्दाम सांगतो. सकाळी लवकर ठोकळा घासणारा, आजारी बोकड दारातून परत पाठविणारा खाटीक प्रत्येक तालुक्यात आहे. त्याचे मटण किलोला थोडे महाग पडते, कारण तो आजारी जनावर घेत नाही. आपण घासाघीस करून शेजारच्या स्वस्त दुकानात गेलो तर उद्या तोही आजारी बोकड परत पाठविणे सोडून देईल. चांगल्या मालाला गिऱ्हाईक राहिले तरच चांगला माल बाजारात राहतो. हे आपल्या धान्याला आणि भाजीला जितके लागू आहे तितकेच त्याच्या मटणाला लागू आहे.

तेव्हा येत्या रविवारी बाजारात गेल्यावर भाव विचारण्यापूर्वी काळीज दाखवावयास सांगा, कल्ले उघडून पाहा, पाण्याच्या बादलीत डोकावा. आणि दारात आजारी शेळीचे गिऱ्हाईक आले तर तिचे मटण कोणाच्या ताटात जाणार आहे, याचा क्षणभर विचार करून मगच उत्तर द्या.